दगड उकळू नका!

मरीन टँक सांभाळणाऱ्याच्या हातून सगळ्यात धोक्याचं काम होतं ते स्वच्छतेच्या नादात. लाइव्ह रॉकच्या, म्हणजे टँकमधल्या जिवंत दगडाच्या, एका कोपऱ्यात तपकिरी-हिरवट बटणांसारखे चार पॉलिप दिसतात. काही महिन्यांत ते चाळीस होतात आणि शेजारचं हौसेनं आणलेलं प्रवाळ त्यांच्याखाली गुदमरायला लागतं. मग एखाद्या रविवारी दगड बाहेर काढून मोरीत ठेवला जातो, त्यावर गॅसवर उकळलेलं पाणी ओतलं जातं आणि जुन्या टूथब्रशनं घासणं सुरू होतं. दुधापासून तान्ह्या बाळाच्या बाटलीपर्यंत जे काही निर्धोक करायचं ते उकळायचं, अशी आपल्या घरांची सवय. या पॉलिपांच्या बाबतीत मात्र हीच सवय माणसाला दवाखान्यात पोचवते.

हे पॉलिप झोअँथिड गटातले. हौशी मंडळी त्यांना ‘झोआ’ आणि ‘पॅली’ म्हणतात. झोआ म्हणजे झोअँथस, पॅली म्हणजे पॅलिथोआ. यातल्या काही पॅलींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाई बेटांतल्या माउईवर हाना नावाचा भाग आहे. तिथल्या खडकातल्या एका डबक्यात उगवणारं काहीतरी भाल्याच्या टोकाला चोळलं की जखम जीवघेणी होते, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. त्या डबक्यातल्या पॅलिथोआपासून मूर आणि शॉयर या रसायनशास्त्रज्ञांनी हे विष वेगळं केलं आणि १९७१ मध्ये जगापुढे मांडलं. आज ते प्रथिनेतर विषांमधल्या सर्वांत जहाल विषांत गणलं जातं. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला चिकटतं आणि त्याचं उघडं भोक करून टाकतं. स्नायू, हृदय, फुप्फुस, डोळा, सगळीकडे हा पंप आहे. म्हणूनच या विषबाधेची लक्षणं इतकी वेगवेगळी दिसतात.

उकळल्यानं हे विष मरत नाही. उलट गरम पाण्याच्या वाफेबरोबर त्याचे सूक्ष्म थेंब हवेत जातात आणि आपण ते श्वासातून ओढतो. अमेरिकेतल्या एका हौशी माणसानं टँकमध्ये माजलेले पॉलिप मारायला दगडावर उकळतं पाणी ओतलं आणि त्याला श्वसनाचा गंभीर त्रास झाला. त्यानंतर तिथल्या संशोधकांनी वॉशिंग्टन परिसरातल्या दुकानांतून असेच पॉलिप विकत घेऊन तपासले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही पॅली विषानं भरलेल्या निघाल्या, तर दिसायला त्यांच्याच जवळपासच्या काहींत विष जवळजवळ नव्हतंच. झोआंमध्ये ते सहसा कमी असतं आणि पॅलीच्या अंगात वाळूचे कण रुतलेले असल्यानं ती हाताला खरखरीत लागते, असं जाणकार सांगतात. पण या खुणांवर कुणी आपला जीव टांगू नये. टँकमध्ये पसरणारं प्रत्येक तपकिरी बटण विषारीच आहे असं धरून चाला.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पाण्यात, आपल्या जागी, कुणी न छेडलेली पॅली घरातल्या माणसांना काही करत नाही. ती वाळूतल्या एकट्या दगडावर असेल आणि पुढे सरकायला तिला जागाच नसेल, तर माझं मत विचाराल तर तिला तिथेच राहू द्या. धोका सुरू होतो तो आपण तिला खरवडतो, चिरडतो, वाळवतो, ब्रशनं घासतो किंवा गरम करतो तेव्हा. पॅली काढायचीच असं ठरलं, तर ती फोडायची नाही. जिच्यावर ती आहे तो दगड आख्खा टँकमधून न्यायचा. दगडाची किंमत हॉस्पिटलच्या एका रात्रीपेक्षा नेहमीच कमी असते.

आता आपल्या घरांचा विचार करा. अंधेरी-बोरिवलीच्या वन बीएचकेत टँक असतो हॉलमध्ये, त्याच हॉलमध्ये आजी दुपारी आडवी होते आणि टँकचं पाणी थंड राहावं म्हणून खिडक्या बंद करून एसी चालू असतो. अशा खोलीत हवेत काही मिसळलं तर ते तिथेच फिरत राहतं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं २०१५ मध्ये अलास्कातल्या अशा घटनांचा अहवाल काढला होता. त्यात दगड हाताळणाऱ्यांबरोबर त्याच घरात राहणारी माणसंही आजारी पडली होती. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हन्टन गावात २०१८ साली टँकच्या साफसफाईनंतर घरातली सहा माणसं आणि मदतीला आलेले चार अग्निशामक अशा दहा जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. म्हणून कामाच्या दिवशी मुलं, वयस्क माणसं, दम्याचे रुग्ण, मांजर-कुत्रा आणि पक्ष्याचा पिंजरा घरातून बाहेर. शेजारी, नातेवाइकांकडे, बागेत, कुठेही. पण ‘आतल्या खोलीत बसा’ हे पुरेसं नाही. एसी बंद, छताचा पंखा बंद, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट चालू.

अंगावर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला. हातात नायट्राइलचे दोन-दोन मोजे घाला आणि वरचे कोपरापर्यंतचे असू द्या. एकट्या पातळ लॅटेक्सच्या मोज्यावर विसंबू नका, दगडाची कड त्याला सहज फाडते. नाका-तोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. पण मास्क लावलाय म्हणून ब्रश हातात घ्यायला हरकत नाही असा अर्थ काढू नका. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा आणि बाजूनंही बंद असलेला गॉगल घाला. गॉगल मी आग्रहानं सांगतो, कारण हे पॉलिप दाबले की मिटतात आणि मिटताना पोटातलं पाणी पिचकारीसारखं उडवतात. ते डोळ्यात गेलं तर बुबुळावर जखमा होऊ शकतात. बोटावर ताजा काप असेल तर बँडएड लावून काम करू नका, ते पुढच्या आठवड्यावर टाका. बोटाच्या जखमेतून विषबाधा झाल्याची नोंद जर्मनीतून २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे.

आणि तो पाइप! पाणी बदलताना पाइपाचं टोक तोंडात धरून ओढायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. टँकमध्ये पॅली असतील तर ती आजपासून बंद. दाबायचा फुगा असलेला सायफन किंवा छोटा पंप वापरा.

काम सुरू करताना वेव्हमेकर, रिटर्न पंप, हवेचे बुडबुडे, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) सगळं बंद करा. स्किमरचा फेस फुटतो तेव्हा पाण्याचे थेंब हवेत उडतात, म्हणून तो दगड गेल्यावरही काही तास बंदच ठेवा. मग झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा टँकच्या आत, पाण्याखाली न्या. दगड त्यातच सरकवा, झाकण लावा आणि पाण्यासकट बाहेर काढा. दगड हवेत उघडा येता कामा नये. कमीत कमी ओला तरी राहिलाच पाहिजे. जड दगड असेल तर दोन माणसं लागतील. दुसऱ्या माणसाच्या अंगावरही हाच सगळा जामानिमा हवा, नुसता ‘जरा इकडे धर’ नको.

दगड पायाचा असेल, त्याच्यावर अख्खा डोलारा उभा असेल आणि तो निघणारच नसेल, तर पॅली जागच्या जागी झाका. रीफ टँकसाठी मिळणारी दोन भागांची इपॉक्सी पुटी मळून, थोड्या थोड्या पॉलिपांवर लेपासारखी दाबून बसवायची. कड दगडाला नीट चिकटली पाहिजे, नाहीतर बाजूनं नवे कोंब बाहेर येतात. एका दिवशी दोन-चारच झाका. एकदम शंभर पॉलिप मेले तर त्यांच्यातलं सगळं पाण्यात उतरतं आणि मासे मरतात. काही जण चुन्याचा घट्ट लगदा सिरिंजनं पॉलिपवर सोडतात. तो मार्ग चालतो, पण पाण्याचा पीएच झपाट्यानं चढतो. पानाच्या टपरीवरची चुन्याची डबी यासाठी उघडू नका, तिच्यात आणखी काय मिसळलंय हे तुम्हाला कळणार नाही. टँकमध्ये ब्लेडनं खरवडणं मला अजिबात पसंत नाही. तुटलेला प्रत्येक तुकडा दुसऱ्या दगडावर जाऊन नवी वसाहत करतो, आणि विष पाण्यात जातं ते वेगळंच.

बाहेर काढलेला दगड वाचवायचा मोह होतो. ‘उन्हात वाळवू, मग पुन्हा वापरू’ हा विचार त्यातला सगळ्यात वाईट. गच्चीवर वाळवलेल्या दगडावरचा वाळका थर पुढे घासला की त्याची धूळ उडते आणि विष त्या धुळीत तसंच असतं. दगड टाकूनच द्यायचा, पण टाकण्याआधी निष्प्रभ करून. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट लागतं. साधं, सुगंध नसलेलं, चार ते पाच टक्क्यांचं द्रावण घ्या. बाटलीवरची तारीख बघा, कारण मुंबईच्या उकाड्यात जुन्या बाटलीतला जोर उतरतो. एक मग ब्लीच आणि नऊ मग थंड पाणी. पॅलिटॉक्सिन नष्ट करायला निदान ०.१ टक्के हायपोक्लोराइट अर्धा तास लागतं. या मिश्रणात त्याच्या चारपट जोर असतो, पण पॉलिपच्या मांसल अंगात बराचसा क्लोरीन खर्ची पडतो. म्हणून दगड बादलीतल्या मिश्रणात रात्रभर बुडवून ठेवा. डब्यातलं पाणी हिशेबात धरून ब्लीच वाढवा. बादलीच्या कडेनं हळूहळू ओता, वरून धार सोडू नका. झाकण अलगद ठेवा, आवळून लावू नका, आणि बादली बाल्कनीत किंवा खिडकी असलेल्या न्हाणीघरात दार लावून ठेवा. ब्लीचिंग पावडरची धूळ उडते, ती नको.

इथे आणखी एक घरगुती धोका आहे. मोरी आणखी स्वच्छ व्हावी म्हणून ब्लीच ओतलेल्या जागेवर संडास धुवायचं अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर ओतलं, तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाचं काच पुसायचं द्रव्यही ब्लीचजवळ आणू नका. त्या दिवशी एकच बाटली बाहेर ठेवा.

चिमटा, डबा, सायफन, मोजे, पुसलेले कागद सगळं त्याच द्रावणात अर्धा तास. सांडलेलं पाणी सुकू देऊ नका, ओल्या कागदानं टिपा. कपडे वेगळे धुवा. यातलं काहीही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही. बादलीवर मार्करनं खूण करा आणि ती पुन्हा आंघोळीला येणार नाही याची व्यवस्था करा. दुसऱ्या दिवशी द्रावण भरपूर पाण्याबरोबर संडासात सोडा. दगड दोन पिशव्यांत बांधा, वर कागद चिकटवा, ‘घातक, उघडू नये’, आणि सोसायटीच्या सफाई कामगाराच्या हातात देताना तोंडानंही सांगा. आपला कचरा पुढे कुणीतरी हातानं निवडतं. जिवंत दगड पोयसर किंवा दहिसर नदीत, मुलुंडच्या खाडीत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ‘निसर्गात परत’ सोडायचा विचारही नको. कुठल्या समुद्रातून आलेला जीव आहे हे ठाऊक नसताना तो आपल्या किनाऱ्यावर सोडणं म्हणजे टँकमधली कटकट किनाऱ्यावर नेऊन ठेवणं.

टँकमध्ये मात्र लगेच ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला, दोन दिवसांनी बदला आणि पाव टाकी पाणी बदला. मासे तळाशी पडून जोरात श्वास घेत असतील किंवा प्रवाळं एकदम मिटून बसली असतील, तर आणखी पाणी बदला. हे सगळं करताना मोजे चढवलेलेच.

घरी येणाऱ्या टँक सर्व्हिसवाल्या मुलांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. उपनगरांत अशी कितीतरी मुलं एका फ्लॅटमधून दुसऱ्या फ्लॅटमध्ये जातात. उघडे हात खांद्यापर्यंत पाण्यात, बोटांवर दगडाचे ओरखडे, पाइप तोंडात. ‘पाली निकालना है’ एवढंच त्यांना फोनवर सांगितलं जातं. टँकमध्ये काय आहे ते मालक म्हणून अशा मुलाला आधी स्पष्ट सांगणं, मोजे-गॉगल आपण आणून देणं आणि त्यानं ‘रोज का काम है, साब’ म्हटलं तरी ब्रश त्याच्या हातातून काढून घेणं हे तुमचं काम आहे. भांडी घासणाऱ्या मावशींना तर त्या बादलीपासून लांबच ठेवा.

उपनगरांतल्या माणसाची आणखी एक वेळ धोक्याची, ती रीडेव्हलपमेंटची. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत इमारती पाडायला निघाल्या आहेत. भाड्याच्या घरात जायचं, तारीख ठरलेली, टेम्पो खाली उभा, आणि अशा घाईत टँक उपसला जातो. दगड गोणीत भरले जातात, काच कोरडी पडते आणि तिच्यावरचा वाळलेला थर पत्र्याच्या पट्टीनं खरवडला जातो. हलवायचं ठरलं त्याच्या एक-दोन आठवडे आधीच पॅलीचे दगड वेगळे काढून निकाली लावा. बाकीचे दगड झाकणाच्या ड्रममध्ये, खाऱ्या पाण्यात बुडवूनच न्या आणि ड्रम माणसांच्या शेजारी गाडीत न ठेवता टेम्पोत मागे ठेवा. रिकामी काच आणि सम्प (खालची फिल्टरची टाकी) आधी ब्लीचच्या पाण्यानं भिजवायचे, अर्धा तास थांबायचं, मगच ओल्यातच पुसायचे.

इतकं करूनही कधी त्रास झालाच, तर त्याची सुरुवात बऱ्याचदा तोंडात धातूची, कडवट चव येऊन होते. मग नाक गळणं, खोकला, छातीत आवळल्यासारखं होणं, थंडी वाजून ताप, अंगदुखी, ओठांना आणि बोटांना मुंग्या, डोळे लाल. काही मिनिटांत सुरू होतं किंवा काही तासांनी, म्हणजे कधीकधी रात्री झोपल्यावर. आता जुलैतली मुंबई डोळ्यासमोर आणा. थंडीताप आणि अंगदुखी घेऊन आलेल्या माणसाची डॉक्टर मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी करणार. त्यांचं काही चुकत नाही. टँकचं तुम्हीच सांगितलं पाहिजे. कागदावर लिहून न्या: ‘पॅलिटॉक्सिन, समुद्री पॉलिप, इतक्या वाजता, श्वासातून किंवा डोळ्यातून किंवा जखमेतून.’ ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, सीपीके आणि मूत्रपिंडाच्या तपासण्यांचा विषय काढा. या विषाला उतारा नाही. उपचार लक्षणांवरच होतात, म्हणून देखरेख महत्त्वाची आणि लवकर पोचणं त्याहून महत्त्वाचं.

चव आली किंवा खोकला सुरू झाला की काम तसंच टाका आणि सगळे घराबाहेर पडा. दिवा बंद करायला, दगड झाकायला परत आत जाऊ नका. डोळ्यात गेलं असेल तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि मग थेट नेत्रतज्ज्ञांकडे. कातडीवर लागलं असेल तर साबण-पाणी, न चोळता. धाप लागत असेल तर १०८ ला फोन. अंधेरी-विलेपार्ल्याकडच्यांना कूपर, घाटकोपरच्यांना राजावाडी ही मोठी पालिका रुग्णालयं जवळ आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ काम सुरू करण्याआधीच फोनमध्ये साठवा, डॉक्टरांनाही तो उपयोगी पडतो. घरातल्या बाकीच्यांवर आणि मांजरावरही रात्रभर लक्ष ठेवा.

नवा दगड कुठून आणता याचाही विचार करा. ओहोटीला हाजी अलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांवर चालून बघा, झोअँथिड तिथे ओल्या हिरव्या गालिच्यासारखे पसरलेले असतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर नेऊन हे जीव दाखवतात. बघा, फोटो काढा, हात लावून तोच हात डोळ्याला नेऊ नका आणि घरी काही आणू नका. कठीण सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्याच यादीत. कोस्टल रोडच्या कामात वाटेत आलेली प्रवाळं २०२० मध्ये परवानगी काढून दुसरीकडे हलवावी लागली, ती याच कारणानं. दुकानातून आणलेला दगडही महिनाभर वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवा. त्यावर तपकिरी बटणं निघाली तर मोठ्या टँकपर्यंत ती पोचतच नाहीत. ‘माझ्याकडे पॅली खूप झाल्यात, फ्रॅग (तुकडा) देऊ का?’ असं कुणी विचारलं तर नको म्हणा. तुम्ही कुणाला देत असाल, तर वर लिहिलेलं सगळं सांगूनच द्या.

काढलेल्या जागेवर दीड-दोन महिने नजर ठेवा. दिवे बंद झाल्यावर टॉर्चनं दगडांच्या खालच्या बाजू आणि सम्पचे कोपरे तपासा. मिटलेली पॅली शेवाळात लपते. एखादा कोंब दिसला तर त्याच रात्री हात घालू नका. मोजे, गॉगल, पुटी काढून ठेवा आणि सकाळी, घर रिकामं असताना झाका.